शिंद्यांची पोरं



आपल्या पानांवर कवींवर लिहून येतं. शाहिरांवर येतं, तेही ते गेल्यावर. कॅसेटीत गाणाऱ्यांवर कुणी लिहीत नाही. कॅसेट म्हटलं की आपल्यातला शिकलेला गडी नाक मुरडतो. त्याला वाटतं, हे म्हणजे टेम्पोवर वाजणारं, पिऊन नाचायचं गाणं. मला त्या टेम्पोवर वाजणाऱ्यांवरच लिहायचंय. आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे. दोघं सख्खे भाऊ, प्रल्हाद शिंद्यांची पोरं. ऐंशीच्या दशकापासून गातायत. आता त्यांची पोरं गायला लागली, तरी आमच्या वस्तीत हे दोघं अजून ‘शिंद्यांची पोरं’च.

गल्लत नको म्हणून आधीच सांगतो. हिंदी सिनेमात आनंद-मिलिंद नावाची एक जोडी आहे, १९८८ साली ‘कयामत से कयामत तक’ला संगीत दिलेली. ती चित्रगुप्तांची मुलं. त्यांचं त्यांना लखलाभ. आमचे हे वेगळे.

मी बारामती एमआयडीसीत मशीनवर कामाला. मूळचा इंदापूर तालुक्यातला, कॅनॉलच्या कडेच्या गावातला. मला रागदारी कळत नाही. मी फॅन आहे, आणि फॅनला जेवढं कळतं तेवढंच लिहिणार.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. त्याच साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. राजा ढाल्यांनी, ज. वि. पवारांनी आग ओकली. हे सगळं खरंच. पण आमच्या गावच्या वस्तीत ‘गोलपिठा’ पोचायला वीस वर्षं लागली, आणि पोचला तेव्हा तो वाचणारी माणसं तीन. कॅसेट त्याच्या कितीतरी आधी आली. एकानं साखर कारखान्याचा बोनस मिळाल्यावर टेप घेतला. टेप त्याचा, कॅसेटी सगळ्यांच्या. लाईट असली तर लाईटवर, नसली तर सेलवर. सेल उतरले की आवाज घोगरा व्हायचा, आणि शिंद्यांची पोरं म्हाताऱ्यासारखी गायला लागायची. मग पोरं सेल काढून उन्हात ठेवायची. तेवढ्यानं अजून दोन गाणी निघायची.

माझा बा दुसऱ्याच्या उसाला रात्रीची दारं धरायला जायचा. आय निरक्षर. पण तिला महाडचं तळं माहीत होतं, काळारामाचा दरवाजा माहीत होता, पुणे करार माहीत होता, नागपूर माहीत होतं. १९२७, १९३०, १९३२, १९५६ हे आकडे तिला सांगता आले नसते. पण क्रम चुकायची नाही. कुठून शिकली? शाळेतनं नाही, पेपरातनं नाही. गाण्यातनं शिकली. भीमराव कर्डकांचे जलसे तीसच्या दशकात गावोगाव फिरले. त्यानंतर वामनदादा कर्डक फिरले, खांद्याला पिशवी लावून. आमच्या गावाला त्यातलं कुणी आलं नाही. गाव आडबाजूला. आले ते हे दोघं, प्लास्टिकच्या डबीत बसून.

म्हणून मला राग येतो, जेव्हा शिबिरात कुणी म्हणतो की ही करमणूक आहे, प्रबोधन नव्हे. माझ्या आयला विचारा म्हणावं. ती आता नाही, नाहीतर तिनंच सांगितलं असतं, तेही शिवी देऊन.

आता ते गातात कसं ते सांगतो. पहिल्यांदा शेर. वाद्यं जवळजवळ गप्प, पेटीचा एक सूर धरलेला, आणि वरच्या पट्टीत एकटा आवाज. ताल नाही. चार ओळी अशा फेकायच्या की बसलेला माणूस उठून बसला पाहिजे. शेवटच्या शब्दावर ढोलकी येते, टाळी येते, मुखडा सुरू. हे कव्वालीकडनं आलेलं. बाप कव्वालीच्या पार्टीत कोरसला उभा राहून शिकलेला. ती टाळी पोरांच्या रक्तात आहे. मग झीलकरी ओळ उचलतात. मग बेंजो मधली जागा भरतो. शहरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना बेंजो हलका वाटतो. मला विचाराल तर लग्नाच्या वरातीत आणि जयंतीच्या मिरवणुकीत त्या पत्र्यासारख्या टणटणीत आवाजाला तोड नाही. गिटार उघड्यावर मरते. बेंजो मरत नाही.

दोघा भावांचे आवाज एकाच खाणीतले. बापासारखाच मोकळा गळा, शब्द चावून न गाता सरळ अंगावर टाकायचा. आमच्या वस्तीत पैजा लागायच्या, आत्ता गातोय तो कोण? आनंद की मिलिंद? हरणाऱ्यानं चहा पाजायचा. माझ्या कानाला आनंदचा आवाज जाड, मातीचा. ओळीच्या शेवटी तो थोडा खरखरतो आणि तिथंच माणूस पकडतो. मिलिंद दुःखाच्या गाण्यात जास्त खुलतो; त्याच्या आवाजाला एक कड आहे. माझा थोरला भाऊ म्हणायचा, उलटं आहे. त्यानं आयुष्यभर उलटंच म्हटलं. दोघं एकत्र गातात तेव्हा खरी मजा. एक ओळ सोडतो, दुसरा ती अर्ध्या रस्त्यात धरतो. पुढं कोण, मागं कोण, ऐकणाऱ्याला कळत नाही.

नावं बघा कशी. आनंद म्हणजे बुद्धाचा शिष्य, ज्यानं ऐकलेलं सगळं ध्यानात ठेवलं आणि बुद्धाच्या मागं राजगृहाच्या संगीतीत म्हणून दाखवलं. मिलिंद म्हणजे तो ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारणारा. बाबासाहेबांच्या औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाला त्याचंच नाव. आमच्या बापजाद्यांची नावं धोंड्या, कचऱ्या, दगड्या अशी. एका पिढीत घरातली हाक बदलली. कॅसेटच्या कव्हरावर ती दोन नावं जोडीनं छापलेली बघताना मला पोरवयातसुद्धा काहीतरी वाटायचं, काय ते सांगता यायचं नाही.

आता बापाकडं येतो, कारण बापाशिवाय ही पोरं समजत नाहीत. आणि आपला भांडणाचा मुद्दाही तिथंच आहे.

शिंद्यांचं मूळ गाव मंगळवेढा. चोखोबा ज्या मंगळवेढ्यात वेशीच्या कामावर भिंत पडून मेला, तेच. तिथनं पंढरपूर हाकेच्या अंतरावर, वीस-पंचवीस किलोमीटर. प्रल्हाद शिंदे जन्मले १९३३ साली. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले मे १९४७ मध्ये. म्हणजे हा पोरगा तेरा-चौदा वर्षांचा होईपर्यंत त्या देवळाच्या आत त्याला जागा नव्हती. आणि आज?

आज तुम्ही आषाढात आमच्याकडं या. तुकोबाची पालखी बारामतीला मुक्काम करते, पुढं सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. त्या अख्ख्या रस्त्यावर चहाच्या टपऱ्या, फराळाचे मांडव, पक्षांच्या स्वागत कमानी. त्या सगळ्यांच्या भोंग्यातनं कोण गातो? प्रल्हाद शिंदे. पंढरीच्या वाटेचं त्यांचं ते गाणं वाजल्याशिवाय पालखी हलत नाही असं म्हटलं तर वारकरीसुद्धा मान हलवील. पायरीवरच्या चोखोबाच्या जातीचा गळा, आणि त्यावर सगळ्या जातींचे पाय चालतात. त्या मांडवात उभं राहून मी शेजारच्याला सांगितलंय, गाणारा आमचा आहे. तो म्हणाला, कलाकाराला जात नसते. मी म्हटलं, नसतेच. मग खोली द्यायच्या वेळी का असते? तो चहा संपवून निघून गेला.

तर मुद्दा असा. आपले कार्यकर्ते म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरानं विठ्ठल गावा का? गणपती गावा का? पोरांनी तर त्याच्या पुढं जाऊन पोपट गायला. ऐंशीच्या दशकात आनंद शिंद्यांचं ते पोपटाचं गाणं अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. पुढं २००६ ला ‘जत्रा’ सिनेमात वैशाली सामंतबरोबर कोंबडीचं गाणं, अजय-अतुलच्या संगीतात. त्यावर पांढरपेशांची लग्नं नाचली. ज्यांच्या घरात भीमगीताची कॅसेट कधी शिरली नसती, त्यांच्या हॉलात आनंद शिंदे शिरले. कोंबडीच्या मागनं का होईना.

यावर माझं मत सरळ आहे. पोट कुणी भरायचं? चळवळीनं कुठल्या गाणाऱ्याला पेन्शन दिली? वामनदादांसारखा माणूस किती हालात जगला ते आपल्यातल्या थोरांना ठाऊक आहे. १५ मे २००४ ला वामनदादा गेले, २३ जूनला प्रल्हाद शिंदे. सव्वा महिन्याच्या अंतरानं दोन डोंगर. आपण दोघांच्याही शोकसभा घेतल्या आणि सतरंज्या झाडून घरी गेलो. कंपनी कॅसेट काढते ती खपण्यासाठी. गणपतीत गणपतीची, आषाढात विठ्ठलाची, एप्रिलमध्ये आपली. गाणारा म्हणू शकत नाही की मी फक्त एप्रिलमध्ये जेवतो.

आणि आपण कोण मोठे सोवळे? खंडेनवमीला एमआयडीसीत चक्कर मारा. प्रत्येक शेडमध्ये मशीनला हार, कुंकू, नारळ. आमच्या लाईनवर निम्मी पोरं आपली. दुसऱ्या दिवशी दसरा. १९५६ ला ज्या दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपुरात धम्म घेतला तोच तो अशोक विजयादशमीचा सण. ज्यांना सुट्टी मिळते ती नागपूरची गाडी धरतात. ज्यांना मिळत नाही ती आदल्या दिवशी सुपरवायझरच्या हातातलं ताट धरतात. धरलं नाही तर कंत्राट पुढच्या महिन्यात कुणाचं नूतन होणार नाही, हे न सांगता कळतं. मग मी त्या मशीनपुढं उभा राहून, आनंद शिंद्यांनी गणपती का गायला, हे कोणत्या तोंडानं विचारू? तुम्ही विचारा. तुमचं तोंड स्वच्छ असेल तर जरूर विचारा.

पण माझ्यासारख्या कामगारासाठी या गाण्याचं खरं मोल दुसरीकडंच आहे. ते आहे खिशात.

एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत खोल्या भाड्यानं मिळतात. मराठवाड्याची, विदर्भाची, सोलापूरकडची पोरं येतात, चौघं-पाचजण मिळून खोली घेतात. मालक आडनाव विचारतो. आडनावावरनं कळलं नाही तर गाव विचारतो. गावावरनं कळलं नाही तर बोलत बसतो, कुठला देव, कुठली जत्रा. त्या वेळेला फोन वाजला आणि त्यातनं शिंद्यांचा आवाज भीमाचं नाव घेऊन बाहेर पडला, की पुढचं बोलणंच खुंटतं. खोली कालच गेली म्हणतात. माझ्याबरोबरच्या एका पोराला दोनदा असं झालं. तिसऱ्या वेळी त्यानं खोली बघायला जाताना फोन बंद केला. खोली मिळाली. महिनाभर त्यानं खोलीत फोन गप्प ठेवला. मग एका रविवारी, चौदा एप्रिलच्या आधीच्या, त्यानं तो खिडकीत ठेवला आणि पूर्ण आवाजात लावला. मालक आला, उभा राहिला, काही बोलला नाही. भाडं तेवढं दोनशेनं वाढलं.

कँटीनमध्येही तेच. कुणाच्या फोनवर महाराज वाजतात, कुणाच्या फोनवर माउली, कुणाच्या हिंदी सिनेमा. कुणी कुणाकडं बघत नाही. आपला वाजला की चार माना वळतात. एका सुपरवायझरनं मला म्हटलं, कामाच्या ठिकाणी जातीचं कशाला? मी म्हटलं, साहेब, यात जात कुठंय, घटना लिहिणाऱ्याचं नाव आहे. त्याच्या स्वतःच्या फोनवर कुलदैवताची आरती होती. ती जात नव्हती, ती संस्कृती.

हे हसण्यावारी नेऊ नका. मे २०१५ मध्ये शिर्डीत लग्नासाठी आलेल्या आपल्या एका तरुण पोराचा फोन वाजला. नर्सिंग शिकणारा पोरगा. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची. बंद कर म्हणून वाद झाला, त्याला उचलून नेलं आणि हाल करून मारून टाकलं. सगळ्या पेपरांत आलं होतं. त्या आठवड्यात आमच्या लाईनवरच्या कितीजणांनी रिंगटोन बदलल्या ते मी पाहिलंय. आणि ज्यांच्या फोनवर आधी काहीच नव्हतं अशा कितीजणांनी मुद्दाम भीमगीत टाकलं, तेही पाहिलंय. कोण बरोबर, कोण भित्रा, मला ठरवायचं नाही. घरी लेकरं असतात. माझं म्हणणं एवढंच की ज्या गाण्याच्या अर्ध्या मिनिटासाठी माणूस मरतो, त्याला करमणूक म्हणणाऱ्यानं एकदा विचार करावा.

आता माझ्या तक्रारी. फॅन असलो तरी आंधळा नाही.

पहिली, बाबासाहेबांना देव करून टाकलं. उद्धार, पुण्याई, कृपा, चरण. ज्या माणसानं चरण धरू नका म्हणून सांगितलं त्याच्या चरणांवर किती गाणी! लिहिणारे कवी वेगळे असतात हे मान्य, पण गाणाऱ्यानंही एखादा शब्द अडवावा.

दुसरी तक्रार माझ्या लेकीची. ती तुळजाराम चतुरचंद कॉलेजात शिकते. ती म्हणाली, पप्पा, रमाई प्रत्येक गाण्यात रडते का हो? शेणी थापते, उपाशी राहते आणि रडते. तिला दुसरं काही काम नव्हतं? मला उत्तर देता आलं नाही. मिलिंदच्या आवाजातलं रमाईचं दुःख ऐकून माझे डोळे भरतात, हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही. ती संभाजीनगरच्या कडुबाई खरातांना ऐकते, हातात एकतारी घेऊन गाणाऱ्या. पंजाबच्या जालंधरची गिन्नी माही ऐकते. भाषा कळत नाही तरी ऐकते. बाईच्या गळ्यातनं आलं की रमाईसुद्धा ताठ उभी राहते, असं तिचं म्हणणं. मी अजून वाद घालतोय, पण घरात माझी बाजू पडत चाललीय.

तिसरी, डीजे. यात शिंद्यांचा दोष कमी, आपला जास्त. पियाजिओची तीनचाकी आपे इथंच, आमच्या एमआयडीसीत बनते. पूर्वी जयंतीला एका आपेवर दोन भोंगे बांधले की वस्ती निघायची, आणि शेर पहिल्या ओळीपासून ऐकू यायचा. आता ट्रकवर भिंतीएवढे बॉक्स. छाती हादरते, शब्द एक कळत नाही. शेर तर कापूनच टाकतात, कारण त्यावर नाचता येत नाही. ज्या चार ओळींसाठी ते गाणं जन्मलं, त्याच गायब.

पुढची पिढी आली आहे. आनंद शिंद्यांचे आदर्श आणि उत्कर्ष. पुन्हा दोन भाऊ. उत्कर्ष डॉक्टर झालेला, तरी गातो. आदर्शनं २०१३ च्या ‘दुनियादारी’त देवाच्या गाभाऱ्याचं गाणं गायलं, आणि २०१९ ला बाबासाहेबांवरची मालिका टीव्हीवर आली तिचं शीर्षकगीतही त्याच्याच आवाजात. आज्याचाच हिशेब, एका हातात विठोबा, दुसऱ्या हातात भीम. तीन पिढ्या झाल्या, कुणाला तो हिशेब चुकवता आलेला नाही. पोराचा आवाज कमावलेला आहे, गोड आहे, स्टुडिओचा आहे. मला मात्र अजून ती खरखर लागते.

एक राजकारणाचं सांगतो आणि पुढं जातो. नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारनं विधान परिषदेसाठी राज्यपालांकडं बारा नावं पाठवली. राष्ट्रवादीकडून, म्हणजे आमच्या बारामतीच्या पक्षाकडून, त्यात आनंद शिंदे होते. वस्तीत पेढे वाटायचं ठरलं होतं. राज्यपालांनी यादीवर सही केलीच नाही. २०२२ ला सरकार बदललं आणि यादी परत घेतली. पेढे राहिले. मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. सभागृहात गेलेले आपले किती आवाज नंतर ऐकू आले, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

आता कामाचं. माझ्याकडं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एकेचाळीस कॅसेटी आहेत. निम्म्यांना बुरशी लागलीय. एक पोरगा त्या कापसानं पुसून, हळूहळू फिरवून, पेनड्राइव्हवर उतरवून देतोय. त्यात माझ्या लक्षात आलं, कव्हरवर गाणाऱ्यांचे फोटो मोठे, बाबासाहेबांचा निळ्या कोटातला सगळ्यात मोठा, आणि कवीचं नाव मुंगीएवढं. कुठं तेही नाही. पण आपल्या कवींनी एक शहाणपण केलंय. चोखोबानं अभंगात शेवटी आपलं नाव घातलं, तसं यांनीही शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवलं. कंपनीला ते कापता आलं नाही. वामन तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाकीचे? कुणी गिरणीतला, कुणी मास्तर, कुणी रेल्वेतला. शिंद्यांची पोरं ते नाव गिळत नाहीत, स्पष्ट उच्चारतात. हे मी त्यांच्या मोठेपणात धरतो.

मी वहीत नावं उतरवायला घेतलीत. आत्तापर्यंत एकोणतीस झाली. इंदापूर, बारामती, दौंड, माळशिरस, करमाळा भागात ज्यांच्या घरी १९९१ च्या शताब्दीच्या आधीच्या कॅसेटी पडून असतील त्यांनी टाकून देऊ नयेत. टेप नसेल तर आमच्याकडं आहे. कव्हर हरवलं असलं तरी घेऊन या. आम्ही बी बाजूचं शेवटचं कडवं आधी लावतो, कारण पट्टी तिथंच जास्त तुटलेली असते.